सेंड ज्याचं त्याने दाबायचं

रत्नाताई साळवेंना मी आधी वाचलं आणि मग पाहिलं.

मी अंबडला एका छोट्या कारखान्यात काम करते. आम्ही इलेक्ट्रिक पॅनेलचे पत्र्याचे डबे बनवतो. माझं मूळ काम खरेदीचं. पण छोट्या कारखान्यात एखादी बाई वेळेवर येते आणि कागद जागेवर ठेवते असं दिसलं, की तिच्याकडे आणखी चार कामं सरकतात. तसं माणसं भरायचं कामही माझ्याकडे सरकलं. जागा निघाली की आलेले ईमेल उघडून बघायचे. हे काम प्रत्येकाने एकदा करून बघावं. बहुतेक ईमेल कोरे असतात. खाली एक फाईल लटकवलेली, तिचं नाव ‘न्यू फायनल’ किंवा ‘लास्ट फायनल टू’. ज्यांनी दोन ओळी लिहायची तसदी घेतलेली असते ते मला ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणतात आणि आपण कष्टाळू, प्रामाणिक आणि डायनॅमिक असल्याचं कळवून थांबतात. एकाने तर एकाच ईमेलमध्ये नाशकातल्या झाडून सगळ्या कंपन्यांचे पत्ते टाकले होते, सगळ्यांना सगळे दिसतील असे. लग्नाची पत्रिका वाटावी तशी नोकरीची विनंती वाटलेली.

त्या ढिगात अधूनमधून एखादं वेगळं पत्र यायचं. तीन छोटे परिच्छेद. पहिला आमच्याबद्दल: तुमच्याकडे पावडर कोटिंगच्या खात्यात माणूस हवा आहे असं कळलं. दुसरा त्याच्याबद्दल: मी अमुक ठिकाणी तमुक काम केलं, भट्टीचं तापमान सांभाळणं माझ्याकडे होतं. तिसरा एवढाच, की कधीपासून येऊ शकतो आणि फोन कुठल्या नंबरवर करावा. विषयाच्या जागी नाव आणि पद, फाईलवरही तेच. इंग्रजी शाळेच्या गणवेशासारखं, इस्त्री केलेलं आणि बिननक्षीचं. पाठवणारे वेगवेगळे होते, पण पाठीमागे हात एकच होता हे कुणालाही कळलं असतं.

असं चौथं पत्र आलं तेव्हा मुलाखतीला बसलेल्या फिटरला मी सरळ विचारलं, “हे पत्र कुणी लिहिलं?”

“मीच.”

“टाईप कुणी केलं?”

“साळवे ताईंनी. नाशिकरोडला, कोर्टाच्या बाजूच्या गल्लीत. पण मॅडम, त्या आपल्या मनाचं काही घालत नाहीत हां. उलट काढूनच टाकतात.”

मी राहते जेल रोडला. म्हणजे ही बाई माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर बसत होती. शनिवारी दुपारी भाजी घ्यायला निघाले तेव्हा वाट वाकडी केली.

दुकान बंद होतं आणि दुकानासमोर एक बाई हातात लोखंडी सळई घेऊन शटरशी भांडत होती. पन्नाशीच्या पुढची, ठेंगणी, साडीचा पदर कमरेला खोचलेला, चष्मा कपाळावर. मला बघून तिने नाव-गाव विचारलं नाही. म्हणाली, “मॅडम, जरा या कडेला पाय द्या. दाबून धरा. हां, आता.” शटर किंचाळत वर गेलं. आमची ओळख झाली ती अशी, एका शटरवर पाय देऊन.

धापा टाकत रत्नाताई म्हणाल्या, “मला आयुष्यात एकदा नोकरी करायचीय. कुठलीही चालेल. फक्त सकाळी मी जाईन तेव्हा कुलूप दुसऱ्या कुणीतरी उघडलेलं पाहिजे.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. ही त्यांची गंमत नव्हती, इच्छा होती, आणि पुढच्या काही वर्षांत ती मी इतक्या वेळा ऐकली की मलाही पाठ झाली.

दुकान त्यांच्या वडिलांचं. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून होते आणि संध्याकाळी इथे बसून लोकांचे अर्ज टाईप करायचे. रत्नाताईंची बारावी झाली तेव्हा म्हणाले, दोन महिने बस, मग बघू. मग लग्न झालं, मुलगा झाला, वडील गेले, टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि ते दोन महिने चालूच राहिले. लग्नानंतरचं आडनाव दोंदे. पण शटरवर ‘साळवे टायपिंग’ असल्यामुळे गिऱ्हाइकांच्या लेखी त्या साळवे ताई. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. तो मुलांना पोचवून येता-जाता हॉर्न द्यायचा आणि रत्नाताई मान वर न करता हात हलवायच्या.

गाळा दीड माणसाचा. आत एक काउंटर, काउंटरच्या आत त्या आणि कॉम्प्युटर, बाहेर गिऱ्हाइकासाठी एक लोखंडी स्टूल. कोपऱ्यात झेरॉक्सचं मशीन. नोकरीसाठी येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा: “ताई, बायोडाटा काढायचाय.” तो बायोडाटा त्या काढायच्याच. त्यातून वडिलांचं उत्पन्न, धर्म आणि उंची काढायच्या. ‘छंद’ हा रकाना तर त्यांना बघवायचा नाही. “क्रिकेट बघणे हा छंद नाही, रोग आहे,” असं म्हणून तो उडवायच्या. पण हे झालं की विचारायच्या, “आणि पत्र?”

“कसलं पत्र?”

“हे बघ, बायोडाटा म्हणजे आत जाऊन बसणं. पत्र म्हणजे दार वाजवणं. तू कुणाच्या घरी दार न वाजवता सोफ्यावर जाऊन बसतोस का?”

मग गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं आणि बोलतं करायचं. टाईप नंतर. “आधी तोंडी सांग, मराठीत. इंग्रजीचं मी बघते.” समोरचा म्हणायचा, मी खूप मेहनती आहे. रत्नाताई विचारायच्या, “म्हणजे काय केलंस?” समोरचा म्हणायचा, मी जबाबदारीने काम करतो. “म्हणजे काय केलंस?” हा प्रश्न त्या इतक्या निर्विकारपणे विचारायच्या, की तिसऱ्या वेळेला माणसाला घाम फुटायचा आणि मग खरं काहीतरी बाहेर यायचं. कुणी रात्रपाळीत बिघडलेलं मशीन एकट्याने चालू केलेलं असायचं. कुणी मालकाच्या आईला दवाखान्यात नेलेलं असायचं. “हे घालू,” त्या म्हणायच्या. किंवा, “हे चांगलं आहे, पण हे नको घालू.”

पण त्यांची खरी पद्धत पुढे होती आणि ती मी दुसरीकडे कुठेही पाहिली नाही. पत्र तयार झालं, की नाव झाकून त्या ते रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवायच्या. स्टुलावरच्याला आधी विचारून, पण विचारायचं ते अशा आवाजात की नाही म्हणायची सोय नसायची. इंग्रजीवरून नजर फिरवत मराठीत वाचायच्या आणि शेवटी विचारायच्या, “तुम्ही ठेवाल का या माणसाला कामावर?”

रांगेत कुणीही असायचं. वकिलाचा कारकून, आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या आजी, शाळेच्या बाई. एकदा लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी होते, भास्करशेठ. कोर्टात तारीख होती म्हणून आलेले, हातात कागदांची पिशवी. स्टुलावर मयुरी नावाची बी.कॉम. झालेली मुलगी. रत्नाताईंनी मुद्दाम तिचा पहिला मसुदा तसाच वाचला: कष्टाळू, प्रामाणिक, जुळवून घेणारी, शिकण्याची आवड.

भास्करशेठ म्हणाले, “हे तर सगळेच म्हणत्यात ताई. माझा ड्रायव्हर बी म्हणतो, मी लय प्रामाणिक हाय. म्हटलं बरं, मंग डिझेल कोण पितं?”

मयुरीचे कान लाल झाले.

“मग तुम्ही काय विचाराल हिला?”

“मी? मी विचारीन, बिल करता येतं का. गर्दीत. चार जनं एकदम वरडायला लागले, का आकडा चुकायला नाय पायजे.”

मयुरी पुटपुटली, “ते येतं.”

“काय येतं?” रत्नाताई.

“मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बिलं मीच करायचे. कॉलेज होईपर्यंत.”

“मग हे मगाशी का नाही बोललीस?”

“ते घरचं होतं ना.”

“घरचं म्हणून बिलं चुकली तर मामा पेढे वाटायचा का?”

भास्करशेठ पिशवी सावरत म्हणाले, “पोरी, तुला अकाउंट ठेवायला लासलगावला यायचं असंल तर सांग. पत्र नको, काय नको.”

“ओ शेठ,” रत्नाताई म्हणाल्या, “तुम्हाला मत विचारलंय. माणूस पळवायला नाही सांगितलं.”

प्रत्येक वेळी रांग बरोबर असायची असं काही नाही. एकदा एका रिटायर्ड साहेबांनी एका नर्सच्या पत्रात ‘आपली आज्ञाधारक’ घालायलाच हवं म्हणून वाद घातला. रत्नाताईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि ते गेल्यावर घातलं नाही. पण ऐकायच्या मात्र सगळ्यांचं. “पलीकडे पत्र उघडणारा कोण असेल आपल्याला माहीत आहे का? कुणीही असेल. मग कुणाकडूनही तपासून घेतलेलं बरं.” पलीकडे पत्र उघडणारी मीच होते.

त्यांचा शेवटचा नियम सेंडचा. पत्र ईमेलात चिकटवायचं, बायोडाटा पीडीएफ करून जोडायचा. “जोडलं का? उघडून बघ. दुसऱ्याचा तर नाही ना जोडला?” मग त्या कॉम्प्युटरची स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवायच्या, माउस काउंटरवरून पुढे सरकवायच्या आणि हात मागे घ्यायच्या. सेंड ज्याचं त्याने दाबायचं.

या नियमावरून पंचवटीतल्या एका गुरुजींच्या मुलाशी जे झालं ते मी समोर उभी राहून पाहिलं आहे. केदार त्याचं नाव. पौरोहित्य करायचं नव्हतं, एका परदेशी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात अर्ज करायचा होता. पत्र झालं, रांगेने पास केलं, माउस पुढे आला. केदारने बोट वर उचललं आणि थांबला.

“ताई, थोडं थांबू. राहुकाळ चालू आहे.”

“कुठला?”

“आजचा.”

“ते कळलं रे. कुठल्या गावचा? पत्र वाचणारे साहेब अमेरिकेत बसतात म्हणालास ना? तिथे अजून कालचा दिवस संपला नसेल. कुठला राहुकाळ धरायचा?”

केदार गंभीर झाला. बाहेर जाऊन त्याने वडिलांना फोन लावला. परत येऊन म्हणाला, “बाबा म्हणाले, पाठवणाऱ्याचा धरायचा.”

“झालं. थांब मग. स्टूल तेवढं मोकळं कर.”

त्यांनी चेष्टा केली नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्याला भिंतीशी उभं केलं आणि पुढच्याचं काम घेतलं. राहुकाळ संपायला आला आणि वीज गेली. एकलहऱ्याच्या कारकुनाच्या मुलीच्या दुकानात वीज जाते, याचा रत्नाताईंना खास राग होता. प्रत्येक वेळी त्या एकलहऱ्याच्या दिशेने असं बघायच्या की जणू वडिलांनीच बटण बंद केलं. केदारला क्लासला जायचं होतं. तो म्हणाला, “ताई, लाईट आली की तुम्हीच दाबून टाका ना.”

“नाही.”

“एक क्लिक तर आहे.”

“एक क्लिक आहे म्हणूनच. उद्या नोकरी नाही लागली तर म्हणशील, ताईंनी दाबलं. आणि लागली तर तू दाबलंस हे तुला आठवायला पाहिजे.”

तो दुसऱ्या दिवशी पंचांग बघून आला आणि दाबून गेला. नोकरी त्याला लागली नाही. मुहूर्त चांगला होता.

आता रत्नाताईंचं स्वतःचं.

एका पावसाळ्याच्या शेवटी गाळ्याच्या मालकाने गाळा विकला. नवा मालक तिथे मोबाईलचं दुकान टाकणार होता. दिवाळीनंतर रिकामा करा, असं त्याने शांतपणे सांगितलं. रत्नाताईंनीही शांतपणे ऐकलं. मी शनिवारी गेले तेव्हा म्हणाल्या, “बघा, आता दुसरं दुकान घ्यायचं म्हणजे पुन्हा शटर. आलीच आहे वेळ, तर आता नोकरीच करते. नाही मिळाली तर घरी बसून पापड लाटणारी बाई मी नाही. व्हॅनमध्ये पोरं मोजायला बसवतील मला.” हे त्या हसत म्हणाल्या, पण सळई खाली ठेवताना तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा झाला.

मी म्हटलं, आमच्याकडे या. डिस्पॅचला माणूस हवंच आहे.

“तुमच्याकडे नाही येणार.”

“का?”

“तुम्ही पत्र वाचणार नाही. मला बघाल.”

ते मला पटलं.

जवळच एक खासगी हॉस्पिटल नवीन सुरू झालं होतं. त्यांना रेकॉर्ड ऑफिसमध्ये कार्यालयीन सहायक हवी होती. वयाची अट लिहिलेली नव्हती. रत्नाताईंनी ती जाहिरात कात्रीने कापून कॉम्प्युटरला चिकटवली आणि दोन आठवडे तिच्याकडे बघत दुसऱ्यांची पत्रं लिहिली. शेवटी मीच विचारलं, “झालं का?”

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दीड पान. ज्या बाईने कधी कुणाला पाऊण पानाच्या पुढे जाऊ दिलं नाही, तिचं दीड पान. सुरुवात वडिलांपासून. वडिलांचा टाईपरायटर, वडिलांची शिस्त, वडिलांचे आशीर्वाद. खाली एक ओळ: मी कष्टाळू आणि प्रामाणिक आहे.

मी वाचलं आणि विचारलं, “म्हणजे काय केलंत?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर भाजी आणायला निघून गेली असती.

“काय केलं?” त्या म्हणाल्या. “रोज शटर उघडलं.”

“आणि?”

“आणि लोकांकडून त्यांचं त्यांनाच बोलून घेतलं. एवढंच तर केलं.”

“मग हे घालू,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, सगळं पान निवडून उडवलं आणि बोटं चालवायला लागल्या. पहिला परिच्छेद हॉस्पिटलचा: तुमच्याकडे रोज अनोळखी माणसं घाबरलेल्या स्थितीत येतात आणि त्यांची माहिती कागदावर नीट उतरावी लागते. दुसरा: मी या भागात वर्षानुवर्षं तेच काम करते आहे, ज्यांना स्वतःबद्दल सांगता येत नाही अशांना धीर देऊन विचारते आणि एका पानात बसवते, आणि माझ्या हातून एकाची माहिती दुसऱ्याच्या कागदावर कधी गेलेली नाही. तिसरा: दिवाळीनंतर येऊ शकते. मला वाटलं झालं.

पण नियम म्हणजे नियम. रांगेत एकच माणूस होता, गायकवाड काका. एकलहऱ्याहून रिटायर झालेले, रत्नाताईंच्या वडिलांच्या खात्यातले. हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला आले होते.

“जय भीम, रत्ना.”

“जय भीम काका. जरा ऐका. एक बाई आहेत, त्यांचं पत्र आहे.” आणि नाव झाकून त्यांनी वाचून दाखवलं. आवाज अगदी सपाट. “ठेवाल का या बाईंना?”

काकांनी विचार केला. “बाई कामाची दिसते. पण मी नाही ठेवणार.”

रत्नाताईंचा हात माउसवरून खाली आला. “का?”

“स्वतःचं दुकान चालवलेली बाई. मालकीण. ती दुसऱ्याचं ऐकेल का? चार दिवसांत साहेबालाच शिकवायला लागेल.”

आक्षेप खरा होता, आणि तो मला सुचला नव्हता. मला रत्नाताई ठाऊक होत्या ना, म्हणून. रत्नाताई स्क्रीनकडे वळल्या. मग शेवटच्या परिच्छेदाच्या वर दोन ओळी वाढवल्या आणि वाचल्या: “दुकान माझं होतं, पण तिथलं प्रत्येक काम समोर बसलेल्या माणसाचं होतं. त्याचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय मी एक ओळही टाईप केलेली नाही.”

काका म्हणाले, “हां. आता ठेवतो.” मग झेरॉक्सचे कागद घडी करत, “बाईचं नाव काय?”

“ते वर लिहिलंय.”

“तुझ्या बापाला आवडली असती ती बाई,” एवढं बोलून काका गेले. मी बाहेर रिक्षांकडे बघत बसले, कारण अशा वेळी दुसरीकडे बघितलेलं बरं असतं.

मग सेंड. रत्नाताईंनी बायोडाटा जोडला, उघडून बघितला, दुसऱ्याचा नव्हता. माउसवर हात ठेवला आणि काढला. उठल्या. काउंटरची फळी वर करून बाहेर आल्या, स्टुलावर बसल्या, स्क्रीन स्वतःकडे वळवली. त्या स्टुलावर त्या कधी बसल्या नसाव्यात, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिथून हात लांब करून त्यांनी सेंड दाबलं.

आणि इथेच घोटाळा झाला. दुनियेला स्वतःचा ईमेल काढायला लावणाऱ्या या बाईंचा स्वतःचा ईमेल नव्हता. पत्र गेलं ते साळवे टायपिंगच्या ईमेलवरून, जिथून आधीच्या काळात शेकडो लोकांचे अर्ज गेले होते. फोन नंबरही दुकानाचाच. तीन दिवसांनी फोन आला, तो मी शेजारी उभी राहून ऐकला, कारण त्यांचा फोन स्पीकरवरच असायचा.

“साळवे टायपिंग का? तुमच्याकडून एक अर्ज आलाय बघा. रत्ना दोंदे म्हणून बाई आहेत.”

“हो.”

“त्यांना बुधवारी मुलाखतीला पाठवा. ओरिजिनल कागद घेऊन यायला सांगा. आणि वेळेवर या म्हणावं, बायका उशीर करतात.”

“सांगते,” रत्नाताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

“अहो, सांगायचं ना तुम्हीच त्या!”

“त्याने बाईंना निरोप दिला. बाईंना पोचला. अजून काय पाहिजे?”

बुधवारी दुकानाला कुलूप होतं. शनिवारी मी सगळं वदवून घेतलं. तीन जण बसले होते म्हणे. मधल्या साहेबांनी विचारलं, पत्र चांगलं आहे, त्या साळवेबाईंकडून करून घेतलंत ना? रत्नाताई म्हणाल्या, हो. “म्हणाले, कशा आहेत त्या बाई? म्हटलं, फटकळ आहेत, पण काम नीट करतात.”

“आणि?”

“आणि निघताना सांगितलं, त्या मीच. तिथे खोटं नको.”

“हसले का?”

“नाही. बायोडाटा परत पहिल्यापासून वाचायला घेतला. मी दाराशी उभी. मग म्हणाले, बरं, कळवू.”

कळवू म्हणजे काय ते रत्नाताईंना माझ्याइतकंच माहीत होतं. सगळ्या गिऱ्हाइकांना त्या सांगायच्या: आठ दिवस वाट बघायची, मग एक फोन करायचा, एकच. स्वतःच्या बाबतीत त्यांनी आठ दिवस वाट बघितली आणि फोन केलाच नाही. दिवाळी जवळ आली. झेरॉक्सचं मशीन बघायला लोक येऊ लागले. एका शनिवारी रांगेतल्या कुणालाच कळेना की ताई ‘जोडलं का’ विचारायला कशा विसरल्या. तेव्हा मी म्हटलं, फोन करा. त्या म्हणाल्या, नाही म्हणाले तर? मी म्हटलं, गिऱ्हाइकाला काय सांगता?

“गिऱ्हाइकाला सांगते, नाही म्हणाले तर निदान दुसरीकडे दार वाजवायला मोकळा.”

“मग?”

“सांगणं सोपं असतं हो मॅडम,” असं म्हणत त्यांनी फोन लावला. स्पीकरवर. पलीकडून तोच माणूस. “अहो दोंदेबाईंना कालच ईमेल केलाय! एक तारखेपासून या म्हणून. बघितला नाही का?”

ईमेल आला होता. साळवे टायपिंगच्या डब्यात, जाहिरातींच्या ढिगात, न उघडलेला. रत्नाताईंनी तो उघडला, वाचला आणि आधी काय केलं असेल तर प्रिंट काढली. मग स्टुलावरच्या माणसाला म्हणाल्या, “हां, तुझं काय? आणि पत्र?”

दुकान रिकामं झालं तेव्हा मी नव्हते. आमच्या कारखान्याने सिन्नरकडे जागा घेतली, मी पहाटेच्या बसने जायला लागले आणि ती गल्ली माझ्या वाटेवर उरली नाही. आता तिथे मोबाईलची कव्हरं लटकतात, शटर गुळगुळीत आहे. आमच्याकडे येणारे ईमेल पुन्हा कोरे येतात.

त्यानंतर रत्नाताईंना मी एकदाच पाहिलं. सासूबाईंच्या ऑपरेशनची फाईल विम्यासाठी हवी होती, म्हणून सुट्टी काढून सकाळीच त्या हॉस्पिटलात गेले. रेकॉर्ड ऑफिस मागच्या बाजूला, स्वतंत्र दाराचं. दाराला कुलूप. आणि पायरीवर मांडीवर डबा घेऊन, गळ्यात ओळखपत्र घालून रत्नाताई बसलेल्या. ओळखपत्रावर दोंदे. केस व्यवस्थित, पदर खांद्यावर, कमरेला खोचलेला नाही. मी झाडाच्या कुंडीपाशी होते, त्यांचं लक्ष नव्हतं. त्या रस्त्याकडे बघत होत्या, कुठलीही घाई नसलेल्या माणसासारख्या.

एक तरुण क्लार्क बाईक लावून धावतपळत आला, खिशातून चावी काढत. “सॉरी मॅडम, रोज तुम्हाला थांबायला लागतं. असं करा ना, चावी तुमच्याकडेच ठेवत जा. तुम्ही आधी येता.”

“नको,” रत्नाताई म्हणाल्या.

“अहो, काय त्यात? एक कुलूप तर आहे.”

“नको म्हटलं ना. तू उघड. मी थांबते.”

त्याने कुलूप काढलं, दार ढकललं, आतला दिवा लावला. रत्नाताई डबा उचलून उठल्या, साडीची मागची बाजू झटकली आणि दार पूर्ण उघडेपर्यंत पायरीवर उभ्या राहिल्या.